सैन्याची ऑनलाइन बदनामी: विशेष कायदा की सामान्य कायदा?

सैन्याविरुद्धच्या ऑनलाइन द्वेषासाठी स्वतंत्र कायदा केला, तर कारवाई जलद होते. पण ‘बदनामी’ कशाला म्हणायचे हे सरकारच ठरवू लागते. रशियाने मार्च २०२२ मध्ये सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली आणि युद्धाला विरोध करणारे अनेक जण तुरुंगात गेले.

दुसरा पर्याय अब्रुनुकसानी आणि धमकीविषयक सामान्य कायद्यांचा. येथे मजकुराचा रोख विशिष्ट सैनिकावर किंवा त्याच्या कुटुंबावर होता, हे सहसा दाखवावे लागते. ही अट जाचक वाटली, तरी माझ्या मते तीच आवश्यक आहे. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १९९५ मध्ये ‘सैनिक खुनी असतात’ या विधानाबद्दलच्या शिक्षा रद्द करताना व्यक्तींचा अपमान आणि सैनिकी पेशावरील टीका यांत असाच भेद केला. निनावी खात्यांपुढे मात्र हा मार्ग संथ पडतो.