उसाचा सीझन तोंडावर: पिकअपला एचआयडी की एलईडी?

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढचं वाचायला नको. बोलेरो पिकअपच्या कंपनीच्या हेडलाईटमध्ये एचआयडी, म्हणजे तारेऐवजी ठिणगीवर पेटणाऱ्या झेनॉन बल्बचं, किट घालू नका. एलईडी घालायची तर घाला, पण काउंटरवर पेटवून बघून घेऊ नका, रात्री भिंतीवर बघून घ्या. आणि या दोन्हींच्या आधी रिले, म्हणजे बॅटरीचा करंट थेट हेडलाईटला सोडणारा स्विच, टाकून घ्या. रिलेचं दुकानात कोणी सांगत नाही, कारण त्यात दुकानदाराला फार काही सुटत नाही.

आमच्या दोन पिकअप आहेत. एक मी चालवतो, एक धाकटा भाऊ. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेलच्या गाठी संध्याकाळी भरायच्या आणि रात्रीच निघायचं, पुणे नाहीतर हैदराबाद. मधल्या दिवसांत कांद्याची भाडी. कांदा म्हटला की रात्रीच गावातून उचलून मार्केट यार्डात आणायचा. हायवे ६५ वर लाईटवाचून फारसं अडत नाही. मध्ये दुभाजक आहे, समोरच्याचा उजेड थेट डोळ्यात येत नाही. खरी परीक्षा वैराग-बार्शीकडं नाहीतर मंद्रूप-भंडारकवठ्याकडं आत शिरलं की सुरू होते. कारखाने चालू झाले की दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं असतो. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला, आणि उसाची वाडी दोन्ही बाजूंनी लोंबतायत. वर टेप एवढा मोठा की हॉर्न ऐकू जायचा प्रश्नच नाही. अशात समोरून पांढऱ्याफेक लाईटची गाडी आली की ती ट्रॉली डोळ्यासमोरून गायबच होते. म्हणून मला उजेड हवा तो डाव्या बाजूला, रस्त्याच्या कडेला आणि लांब. समोरच्याच्या काचेवर पडलेला उजेड माझ्या काय कामाचा?

आमच्या गाड्यांना येतो तो साधा एचफोर हॅलोजन, ६०/५५ वॅटचा. कागदोपत्री त्याचा उजेड अप्परला, म्हणजे लांबच्या झोताला, १,६५० ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचं माप) आणि डिपरला, म्हणजे खाली पडणाऱ्या जवळच्या झोताला, १,०००. एवढा जरी खरोखर रस्त्यावर पडला तरी बरंच भागतं. पण तो पडत नाही. आमच्या इलेक्ट्रिशियननं, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला तर १३.८ व्होल्ट. मग हेडलाईटचा कपलर (बल्बमागचा प्लग) न काढता, बल्ब पेटता ठेवून, मागून सुया टोचल्या: ११.९. बाकीचे जवळजवळ दोन व्होल्ट लाईटच्या स्विचमध्ये आणि त्या बारक्या वायरीत जिरत होते. होल्डर हातात घेतला तर एका पिनेजवळचं प्लास्टिक पिवळं पडून वितळायला आलेलं. हॅलोजनचं गणित असं आहे की व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणजे बॅटरीवर जेवढं आहे त्या मानानं माझा चाळीस टक्के उजेड वायरीतच जात होता.

अण्णांनी दोन रिले, फ्यूज, बॅटरीवरून थेट जाड वायर आणि सिरॅमिकचे होल्डर टाकले. जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो, सगळा करंट त्याच्यातून जात नाही. परत मीटर लावला: १३.४. तोच बल्ब, आणि उजेड हिशेबानं जवळजवळ दीडपट. मजुरीसकट हजाराच्या आत काम झालं. भावाच्या गाडीलाही तेच केलं आणि बल्ब चांगल्या कंपनीचा नवीन घातला, फिलिप्स किंवा ओसरामचा साधा ६०/५५ चालतो. १००/९० चा मिळतो, तो घेऊ नका. तो रस्त्यावर चालवायला परवानगी नाही, शिवाय उष्णतेनं रिफ्लेक्टरची चकाकी जाते.

आता एचआयडी. आमच्या लाईनीतल्या एकानं बसवलंय, मी त्याची गाडी हैदराबादपर्यंत चालवली आहे. ह्या बल्बात तार नसते. झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार भरलेली छोटी काचेची नळी असते आणि तिच्यात ठिणगी पेटती ठेवायची. पेटवायला वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका लागतो, तो देतो चोक. पेटल्यावर ३५ वॅटमध्ये कंपनीचा खरा झेनॉन ३,२०० ल्युमेनच्या घरात उजेड देतो. आकडा ऐकून कोणीही भुलेल. पण एक म्हणजे, पेटल्यापेटल्या उजेड मंद आणि निळसर, पूर्ण तेजावर यायला काही सेकंद जातात. दिवसा लाईट बंद असताना ओव्हरटेकला डिपर मारून, म्हणजे लाईट क्षणभर चमकवून, बघा. तुमची ठिणगी तापायच्या आत समोरचा टँकर पुढं येऊन उभा. आपल्याकडं निम्मं ड्रायव्हिंग डिपरवर चालतं, तिथं ही उशिरानं पेटणारी बत्ती काय कामाची?

दुसरं कारण त्याहून मोठं. हॅलोजन एचफोरमध्ये डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर उजेड पडू देत नाही, म्हणून डिपरला वर जाणारा उजेड कापला जातो, आणि डाव्या कडेला तेवढा थोडा चढता सोडला जातो. सगळा रिफ्लेक्टर त्या तारेच्या नेमक्या जागेवरून कोरलेला असतो. एचआयडीची ठिणगी लांबट, जाडीला वेगळी, आणि किटमधला चुंबकावर पुढंमागं सरकणारा बल्ब कधी नेमक्या जागी बसतो, कधी नाही. त्या गाडीच्या पुढं उभं राहून बघितलं तर डिपरवरसुद्धा डोळ्यात आग. आत बसलेल्याला मात्र बोनेटच्या पुढं लख्ख दिसतं, म्हणून तो खूश. लांबची ट्रॉली त्याला माझ्याहून आधी दिसते का? नाही दिसत. जवळचा रस्ता फार उजळला की डोळा त्यालाच सरावतो आणि लांबचा अंधार आणखी काळा होतो.

त्याच्या डाव्या दिव्याचा रंग आता उजव्याहून जांभळट झालाय. जोडीतला एकच बदलला की असं होतं, बदलायचे तर दोन्ही.

एचआयडी वाईट नाही हो. प्रोजेक्टरमध्ये, म्हणजे पुढं भिंग असलेल्या दिव्यात, ती खरोखर सुंदर चालते, कारण तिथं उजेड कापायला स्वतंत्र पडदा असतो. पण प्रोजेक्टर म्हणजे हेडलाईट उघडून काच काढायची, आत बसवायचा, परत सील करायची. खर्च किटच्या कितीतरी पट, आणि मालाच्या गाडीला एवढं कोण करतो. केलंच तर एक बघा: बाजारात डाव्या स्टिअरिंगच्या देशांसाठी बनलेले प्रोजेक्टरही येतात. त्यांचा उजेड उजवीकडं चढतो, म्हणजे आपल्या रस्त्यावर बरोबर समोरच्या ड्रायव्हरच्या तोंडावर.

एलईडीचे मी दोन जोड वापरले. पहिला स्वस्तातला, खोक्यावर २०,००० ल्युमेन छापलेला. थोडा हिशेब करा. चांगली पांढरी एलईडी एका वॅटला शंभर ते दीडशे ल्युमेन देते. बल्बवरच २० वॅट लिहिलंय, मग दोन-तीन हजाराच्या पुढं उजेड येणार कुठून? मी दुकानात विचारलं तर म्हणाला, “मालक, बाहेर जाऊन बघा की, दिवस उजाडल्यावाणी पडतंय.” बाहेर म्हणजे समोरच्या दुकानाच्या शटरवर, दहा फुटांवर. तिथं टॉर्चसुद्धा दिवस उजाडल्यासारखाच पडतो.

त्या जोडाची चिप रुंद होती, भिंतीवर डिपरची रेघच दिसत नव्हती, सगळं धुकं. आणि बसवताना त्यांच्या पोऱ्यानं मागच्या रबरी टोपीला ब्लेडनं गोल भोक पाडलं, कारण पंख्याचं बूड आत मावत नव्हतं. पहिल्याच पावसात हेडलाईटमध्ये पाणी. रिफ्लेक्टर डागाळला, नवीन हेडलाईट घ्यावा लागला, आणि दुकानदार म्हणतो टोपीची गॅरंटी नसते. ज्याच्यात टोपी न कापता बसते तोच जोड घ्या, एवढं या अनुभवावरून ठासून सांगतो.

दुसरा जोड महाग होता, साडेतीन हजाराच्या आसपास, आणि तोच आज माझ्या गाडीवर आहे. चिपा बारीक आणि हॅलोजनच्या तारेच्या जागीच, डिपरच्या चिपेखाली तशीच वाटी, आणि कॉलर फिरवून चिपा बरोबर डाव्या-उजव्या बाजूला करता येतात. ही कॉलर थोडी तिरपी राहिली तरी उजेड वेडावाकडा पडतो. गोदामाच्या भिंतीपासून दहा मीटरवर सपाट जमिनीवर गाडी लावली, बल्बच्या उंचीवर खडूनं रेघ मारली. डिपरचा वरचा काठ त्या रेघेच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली यायला हवा, आणि डावीकडं चढायला हवा. आला. हॅलोजनइतका धारदार नाही, पण आला. पेटायला वेळ नाही, डिपर मारला की झटक्यात, करंट कमी, डायनामोवर भार नाही.

खोडी आहेतच. एलईडी पुढून थंड वाटते, पण तिची सगळी उष्णता मागं येते आणि तो बारका पंखा तिला बाहेर काढतो. आमच्या सोलापूरच्या मे महिन्यात इंजिनशेजारी त्या पंख्याचे काय हाल होत असतील विचार करा, वर कांद्याची टरफलं आणि धूळ. पंखा मंदावला की चिप स्वतःला वाचवायला उजेड कमी करते, आणि आपल्याला वाटतं डोळेच थकले. मी गाडी धुताना मागून हलकी हवा मारून घेतो. शिवाय पेटली की रेडिओवर खरखर. रात्री आकाशवाणी लावायची सवय मोडली.

आणि पाऊस. ओल्या डांबरावर माझी सहा हजार केल्विनची (हे रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा) पांढरी एलईडी आणि भावाचा पिवळसर हॅलोजन शेजारीशेजारी चालवून बघितला. भावाला रस्ता चांगला दिसतो, मला थेंब चांगले दिसतात. परत घेतली तर ४,३०० च्या आसपासची घेईन. दुकानात तिला “पिवळट” म्हणून नाक मुरडतात, मुरडू देत.

कायद्याचं माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नं कंपनीनं दिलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालाच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरसाल फिटनेस, तिथं हेडलाईट बघतातच. मी घातलीय म्हणून ती नियमात बसते असं समजू नका. ज्याला ही कटकट नको त्यानं भावासारखं करावं, रिले आणि चांगला हॅलोजन. खरं सांगायचं तर ऊस चालू असताना मी त्याचीच गाडी मागून घेतो.

राहिलं एक. पिकअपचं बूड भरल्यावर बसतं, नाक वर येतं, आणि रिकाम्या गाडीवर लावलेलं डिपर भरल्या गाडीत सरळ समोरच्याच्या डोळ्यात जातं, बल्ब कुठलाही असो. डॅशबोर्डवर लेव्हलिंगचा नॉब असेल तर भरल्यावर फिरवा. नसेल तर भिंतीवरची सेटिंग गाडी भरलेली असतानाच करून घ्या, अण्णांसारखा माणूस त्याचे शंभर रुपयेसुद्धा घेत नाही.