पी. साईनाथ यांचं 'एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्रॉट' : एनजीओत किंवा सरकारी योजनांवर काम करणाऱ्यांनी वाचायलाच हवं

समाजसेवेवरची पुस्तकं म्हटलं की आपल्याकडे बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या माणसाचं चरित्र हातात येतं, ती पण मी आवडीने वाचते, पण ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं त्या लोकांना नक्की काय हवं होतं हे कोणी विचारलं का, असं विचारणारं पुस्तक क्वचितच सापडतं. हे तसं आहे. 1996 चं आहे, पत्रकार साईनाथ तेव्हा टाइम्स ऑफ इंडियाच्या फेलोशिपवर देशातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांत फिरत होते, त्या वेळचे रिपोर्ट. मराठीत पण आलंय, 'दुष्काळ आवडे सर्वांना' नावाने.

ओडिशातल्या कोमनाची गोष्ट तर मी भेटेल त्याला सांगत असते. सरकारने गरीब कुटुंबांना गायी दिल्या, एकेक एकर जमीन दिली, त्यात चाऱ्यासाठी सुबाभूळ लावायची, वर त्या जमिनीवर राबायची मजुरी पण दिली, म्हणजे हेतू चांगला, पैसा पण भरपूर. गायींना जर्सीचं बीज भरायचं होतं आणि संकर बिघडायला नको म्हणून भागातले सगळे गावठी वळू खच्ची करून टाकले. दोन वर्षांनी वासरं झाली आठ. दूध एक लिटरनेही वाढलं नाही, सुबाभूळ कुठे दिसेना, आणि खरियार नावाची तिथली चांगली गावठी जात त्या भागातून संपली ती संपलीच. लोक आधी होते त्यापेक्षा गरीब झाले हो! आणि यात कोणी एक चोर नाही सापडत, तेच जास्त त्रास देतं, फक्त गुरं पाळणाऱ्याला कोणी काही विचारलंच नाही.

भुकेसाठी बदनाम झालेल्या ओडिशातल्याच कालाहांडीबद्दल पण माझा समज पार बदलला. तिथे पाऊस सरासरी 1200 मिमीच्या वर पडतो, आपल्या मराठवाड्यापेक्षा कितीतरी जास्त, तरी भूक आहे, कारण जमीन कोणाकडे, पाणी कोणाकडे, कर्ज कोणाचं, हा खरा प्रश्न. झारखंडातल्या (तेव्हाच्या बिहारमधल्या) पलामूचे शेतकरी दुष्काळी मदतीला 'तीसरी फसल' म्हणतात, जे पीक येतं पण कापून दुसरेच नेतात. ज्यांनी टँकर आणि चारा छावण्या जवळून बघितल्यात त्यांना वेगळं समजवायला नको.

ओडिशातल्या कोरापुटचं चिकापार गाव वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. 1968 मध्ये मिग विमानांच्या कारखान्यासाठी उठवलं, लोकांनी नव्या जागेला पण चिकापारच नाव दिलं, मग धरण आणि नौदलाच्या दारूगोळा डेपोसाठी तिथूनही उठवलं, आणि नंतर तिसऱ्यांदा निघायची वेळ. एकाच आयुष्यात! झारखंडातल्या गोड्डाचे सायकलवर अडीचशे किलो कोळसा लादून ढकलत नेणारे लोक, तामिळनाडूतल्या रामनाडचे ताडाच्या झाडांवर दिवसभर चढउतार करणारे, त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही, ते साईनाथांच्याच शब्दात वाचा.

पण सगळं पुस्तक असं निराशेचं नाहीये हे मुद्दाम सांगते. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईच्या बायका, साक्षरता मोहिमेतून अक्षरांबरोबर सायकल पण शिकल्या, थोड्याथोडक्या नाही, लाखाच्या घरात. लेडीज सायकली पुरेनात तर जेंट्स सायकली घेतल्या आणि त्यांना त्याच जास्त आवडल्या, कारण मधल्या दांड्यावर मूल बसवता येतं. पाणी भरणं, माल बाजारात नेणं, मुलांना सोडणं, कोणाची वाट न बघता. टोमणे खूप ऐकले त्यांनी, तरी सोडलं नाही. इतक्या साध्या गोष्टीने बाईचा दिवस केवढा बदलतो हे कुठल्याही योजनेच्या अहवालात मला कधी वाचायला मिळालं नव्हतं.

उणीव म्हणाल तर मूळचे पेपरातले लेख असल्यामुळे सलग वाचताना मुद्दे परत परत येतात, आकडे तीस वर्षांपूर्वीचे आहेत, मजुरीचे दर वगैरे आजचे समजू नका. जाड पण आहे. म्हणून मी तर म्हणेन की ओळीने वाचूच नका, आधी कोमना, मग चिकापार, मग पुदुकोट्टई, आणि ग्रुपमध्ये वाचत असाल तर प्रत्येकाने एकेक जिल्हा वाटून घ्या. समाजकार्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षालाच हे असं वाचून घ्यावं असं मला फार मनापासून वाटतं.