१०४ सामन्यांचा धाकटा विश्वचषक

फुटबॉलच्या मोठ्या विश्वचषकासाठी चार वर्षे वाट पाहावी लागते. १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक मात्र २०२५ पासून दरवर्षी भरू लागला असून, २०२९ पर्यंतच्या पाचही आवृत्त्यांचे यजमानपद कतारकडे आहे. पूर्वी ही स्पर्धा दोन वर्षांनी एकदा, दर खेपेस वेगळ्या देशात आणि २४ संघांत होत असे. आता संघ ४८ झाले, सामने १०४ झाले आणि हे सगळे २५ दिवसांत उरकले जाते. एवढ्या मोठ्या बदलातून प्रेक्षकाच्या पदरात नेमके काय पडते, हे पाहण्यासाठी नव्या स्वरूपातील पहिल्या आवृत्तीचे हे परीक्षण. खेळाला पाचपैकी साडेचार गुण द्यायला हरकत नाही. आयोजनाला अडीचच्या वर जाता येत नाही.

या वयोगटाच्या फुटबॉलची खरी गोडी आघाडी राखता न येण्यात आहे. मोठ्यांच्या सामन्यात दोन गोलांनी पुढे गेलेला संघ खेळाचा वेग उतरवतो, चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढतो आणि प्रेक्षकाला घड्याळाकडे पाहायला लावतो. १६-१७ वर्षांच्या मुलांना ही कला अजून साधलेली नसते, आणि त्यात पाहणाऱ्याचा फायदाच होतो. २०१७ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ६६,६८४ प्रेक्षकांसमोर झालेला अंतिम सामना याचा उत्तम नमुना होता. सर्जिओ गोमेझच्या दोन गोलांमुळे स्पेन ३१व्या मिनिटालाच २-० असा पुढे होता. मध्यंतराच्या तोंडावर रायन ब्रूस्टरने हेडरवर एक गोल फेडला आणि दुसऱ्या सत्रात फिल फोडेनच्या दोन गोलांसह इंग्लंडने आणखी चार गोल चढवले. ५-२ हा निकाल आजही विश्वास बसू नये असा वाटतो, कारण स्पेनचा तो संघ दुबळा नव्हता. त्याच वर्षी याच इंग्लंडला हरवून तो युरोपचा विजेता झाला होता.

कतारच्या २०२५ च्या आवृत्तीत ही अनिश्चितता कमी झाली नाही, हे आनंदाने नोंदवावेसे वाटते. त्यासाठी एकटा ‘ब’ गट पुरेसा आहे. तीन लाखांहून कमी लोकवस्तीच्या न्यू कॅलेडोनियाने जपानला गोलशून्य बरोबरीत रोखले. (२०१७ मध्येही याच देशाच्या मुलांनी जपानशी १-१ अशी बरोबरी केली होती, जपानला नेमका हाच संघ का जड जातो, हे कोडेच आहे.) त्यानंतर तीनच दिवसांनी त्याच न्यू कॅलेडोनियावर मोरोक्कोने १६ गोल केले. स्पर्धेच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा विजय ठरला. आणि हा मोरोक्को कोणता, तर जपानकडून ०-२ आणि पोर्तुगालकडून ०-६ असा मार खाऊन आलेला!

मात्र या १६ गोलांमागे नुसते कौशल्य नव्हते, स्पर्धेच्या मांडणीचाही त्यात मोठा वाटा होता. १२ गटांतून प्रत्येकी पहिले दोन संघ आणि तिसऱ्या क्रमांकाचे सर्वोत्तम आठ संघ बाद फेरीत जातात. त्यामुळे एकच सामना जिंकलेल्या संघाचे नशीब गोलफरकावर (केलेले वजा खाल्लेले गोल) ठरते आणि दहावा गोल झाल्यावरही थांबण्याचे काही कारण उरत नाही. मोरोक्को या गणितावर पुढे गेला, इतकेच नव्हे तर अमेरिका आणि माली यांना नमवून थेट उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि तेथे ब्राझीलकडून १-२ असा निसटता हरला. म्हणजे ‘तिसऱ्या क्रमांकाचे संघ उगाच भरती’ या आक्षेपाला त्याने परस्पर उत्तर दिले, हे मान्य करायला हवे. तरीही ४८ पैकी फक्त १६ संघ घरी पाठवण्यासाठी ७२ सामने खेळवायचे, हा हिशेब पटत नाही.

नियमांत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बाद फेरीत अतिरिक्त वेळ नसतो. ९० मिनिटांनंतर बरोबरी राहिली, तर थेट पेनल्टी शूटआउट होते. मुलांच्या थकव्याचा विचार करता हे योग्यच आहे, पण त्यामुळे सावध संघांचे फावते. पोर्तुगाल आणि ब्राझील यांचा उपांत्य सामना गोलशून्य सुटून शूटआउटमध्ये ६-५ असा पोर्तुगालकडे गेला, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत ब्राझीलच्या वाट्याला इटलीविरुद्ध पुन्हा तेच आले. दुसरी गोष्ट म्हणजे व्हिडिओची मदत. येथे मोठ्यांच्या ‘व्हीएआर’सारखी, पडद्यावर चित्रफीत तपासणाऱ्या पंचांची वेगळी खोली नसून, क्रिकेटच्या डीआरएसप्रमाणे प्रशिक्षकानेच दाद मागायची असते. सामन्यात दोनदा, आणि दाद बरोबर ठरली तर ती संधी शिल्लक राहते. ही पद्धत मला मोठ्यांच्या व्हीएआरपेक्षा अधिक सुटसुटीत वाटते.

आता तक्रारीकडे येऊ. गटसाखळीत रोज आठ सामने, तेही सलग नऊ दिवस आणि बरेचसे एकाच वेळी. सारे दोह्याच्या अ‍ॅस्पायर संकुलातील आठ मैदानांवर. निवड करणाऱ्या क्लबच्या माणसांसाठी याहून सोयीची जागा नसेल, कारण एका मैदानावरून उठून दुसऱ्यावर चालत जाता येते. प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र ही विश्वचषकाची नव्हे, निवड-शिबिराची रचना झाली. २०१७ मध्ये भारतातील सहा शहरांत ५२ सामने झाले आणि १३ लाख ४७ हजारांहून अधिक लोकांनी ते मैदानावर येऊन पाहिले. कोल्हापूरचा अनिकेत जाधव ज्यात होता, तो यजमान भारताचा संघ तिन्ही सामने हरला. पण कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला कॉर्नरवर जिक्सन सिंगने हेडर मारून भारताचा विश्वचषकातील पहिला गोल केला, तेव्हा दिल्लीचे स्टेडियम जे दणाणले, तो आवाज अ‍ॅस्पायरच्या छोट्या गॅलऱ्यांतून निघणे शक्य नाही. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल करून सामना परत खेचला, हेही त्या प्रेक्षकांनी सोसले. पाच वर्षे एकच यजमान ठेवून असे क्षण इतर देशांना नाकारणे, हा या नव्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष आहे. निदान उपउपांत्यपूर्व फेरीपासूनचे सामने २०२२ च्या विश्वचषकासाठी बांधलेल्या मोठ्या स्टेडियमांवर खेळवायला काय हरकत होती? खलिफा स्टेडियम उघडले ते फक्त अंतिम सामन्यासाठी.

‘उद्याचे तारे आज पाहा’ ही जाहिरातही थोडी तपासून घ्यावी. २००३ चा सेस्क फाब्रेगास, २००७ चा टोनी क्रूस आणि २०१७ चा फोडेन हे सर्वोत्तम खेळाडू ठरले आणि पुढेही चमकले, हे खरे. पण २०११ चा सर्वोत्तम खेळाडू मेक्सिकोचा हुलिओ गोमेझ होता. जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात डोके फुटलेले असताना पट्टी बांधून तो मैदानात परतला आणि ९०व्या मिनिटाला उलट्या उडीत पाय मारून त्याने विजयी गोल केला. त्यानंतर मात्र त्याची कारकीर्द कधी उभीच राहिली नाही. शिवाय अशा स्पर्धांना खेळाडू सोडण्याचे बंधन क्लबवर नसते. २०१७ मध्ये ब्राझीलच्या फ्लामेंगो क्लबने विनिसियसला पाठवलेच नाही, आणि जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबने इंग्लंडच्या जेडन सँचोला स्पर्धा अर्ध्यावर असताना परत बोलावले. २०२५ मध्ये सर्वोत्तम ठरलेला पोर्तुगालचा मातेउश मीदे आणि आठ गोल करणारा ऑस्ट्रियाचा योहानेस मोझर यांचे पुढे काय होईल, याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्यांचे सामने पाहणे अधिक सुखाचे आहे. उपांत्य फेरीत इटलीला २-० असे हरवताना दोन्ही गोल मोझरचेच होते. अंतिम सामन्यात मात्र पोर्तुगालने त्याला मोकळीक दिली नाही. ३२व्या मिनिटाला अनिसियो काब्रालने केलेल्या एकमेव गोलावर चषक लिस्बनला गेला.

पुढची आवृत्ती पाहणाऱ्यांनी गटसाखळीच्या पहिल्या दोन फेऱ्यांत निकाल आणि गोलांच्या चित्रफितींवर भागवावे. सगळे सामने गाठायचा प्रयत्न केला, तर चौथ्या दिवशी कंटाळा येईल. तिसऱ्या फेरीपासून पूर्ण सामने पाहावेत. त्यातही तीन गुणांवर, म्हणजे एकाच विजयावर अडकलेल्या संघाचा सामना आधी निवडावा, मग त्याचे नाव ओळखीचे असो वा नसो.