खिडकीची फिल्म उत्तम, टेप महाभिकार: एका हिवाळ्याचा अनुभव

थंडी अडवायला खिडकीला आतून लावायची ही आकसणारी पारदर्शक फिल्म कशी असते ते तुम्हाला माहीत असेलच. चौकटीभोवती दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, त्यावर प्लास्टिक, मग हेअर ड्रायर फिरवला की चुण्या गायब. ते पुन्हा सांगत बसत नाही. मी लिहायला बसलेय ती टेपमुळे. थंडी ऐन भरात, वारा सुटलेला, आणि मध्यरात्री वाऱ्याच्या तोंडावरच्या खिडकीतली फिल्मची वरची कड चर्रकन सुटली. सकाळी बघते तर अर्धी फिल्म लोंबतेय.

कंपनीला कळवलं. उत्तर आलं की वॉरंटी फिल्मला आहे, टेपला नाही. बरं, मग नुसती टेप विकत द्या. तर ती सुटी मिळत नाही म्हणे, अख्खा संच घ्या! म्हणजे धडधाकट फिल्म फेकायची, कारण तिला धरून ठेवणारी बोटभर रुंदीची पट्टी कामचुकार निघाली. मी फोटो पाठवले. त्यावर प्रश्न आला, ‘चौकट नीट पुसली होती का?’ पुसली होती. स्पिरिटने. आणि सुकूही दिली होती.

खरी गंमत सूचनापत्रकात आहे. अशा बहुतेक टेपांचा गोंद साधारण 10 अंशांच्या खाली नीट बसत नाही आणि पूर्ण पकड यायला त्याला दोन-तीन दिवस लागतात. ही वस्तू लोक घेतात कधी? थंडी पडल्यावर. लावतात कशाला? बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या चौकटीला, जी बाहेरचा गारठा थेट आत आणते आणि वर ओलसरही असते. पत्रक मात्र सांगतं की टेप चिकटवा, फिल्म लावा, लगेच ड्रायर फिरवा. म्हणजे गोंदाने अजून जीव धरलेला नाही तोवर आकसणाऱ्या फिल्मचा सगळा ताण त्याच्यावर. दुसऱ्या खेपेला मी ड्रायरने आधी चौकट कोमट केली, टेप अंगठ्याने दाबत नेली, एक दिवस तशीच राहू दिली आणि मग फिल्म ताणली. ती टिकली. एवढी एक ओळ छापायला कंपनीला काय जात होतं?

फिल्मचं काम मात्र चोख आहे, हे कबूल करावंच लागतं. एकेरी काचेतून उष्णता किती सुटते याचा जो आकडा सांगतात तो 5.8 च्या आसपास असतो (दर चौरस मीटरला, दर अंशाला इतके वॅट). काच आणि फिल्मच्या मध्ये स्थिर हवेचा थर आला की तो जवळजवळ निम्म्यावर येतो, म्हणजे साध्या दुहेरी काचेच्या आसपास. थर फार जाड लागत नाही, 12 ते 20 मिलिमीटर पुरतो. त्याहून जास्त जागा सोडली तर आतली हवाच वर-खाली फिरायला लागते, त्यामुळे फायदा वाढत नाही.

काचेचा घामही थांबला. खोलीत 20 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असेल तर साधारण 9 अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. उघडी काच तितकी गार सहज होते, फिल्म होत नाही. पण टेपची एखादी कड जरी सुटली तरी खोलीतली दमट हवा आत शिरते, बाष्प काच आणि फिल्मच्या मधे जमतं, आणि ते पुसताही येत नाही. पुन्हा टेपच!

आता टेपच्या बाजूने थोडं. वारा असेल तेव्हा फिल्म शिडासारखी आत फुगायची. सुरुवातीला वाटलं, ताण कमी पडला असेल. पण फुगते याचा अर्थ वारा झडपांच्या फटींतून येतोय आणि फिल्मवर आदळतोय. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सहा किलो वजनाइतका भरतो. फटी मोकळ्या असतील तर यातला बराचसा भार त्या बिचाऱ्या टेपवर येतो. तेव्हा तिला थोडी सूट द्यायला मी तयार आहे. थोडीच.

मग फटींच्या मागे लागले. टिश्यू पेपरची अरुंद पट्टी धरून खिडकीभोवती फिरायचं, ती जिथे फडफडेल तिथे फट. स्लायडिंग खिडकीत सर्वांत जास्त वारा येतो तो दोन झडपा एकमेकींवर येतात तिथून. तिथली ब्रशपट्टी झिजून टक्कल पडलेली असते. ती बदलली. बिजागरीच्या खिडक्यांना रबराची पट्टी लावली. स्वस्तातल्या स्पंजपट्टीच्या वाटेला जाऊ नका, दाबून दाबून तिचा पापड होतो आणि मग ती फुगत नाही. रूळांत खाली बारीक भोकं असतात ती मात्र बुजवायची नाहीत, पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं.

आणि इथे माझं मत फिरलं. ज्या खिडकीला फक्त पट्ट्या लावल्या, फिल्म नाही, तिच्याजवळची बोचरी झुळूक जवळपास गेली. पैशाच्या मानाने पट्ट्या फिल्मच्या कितीतरी पुढे आहेत. फिल्म कुठे हवी? काच एकेरी आहे आणि तुम्ही तासन्‌तास तिच्या शेजारी बसता तिथे. कारण वारा बंद झाला तरी गार काच अंगातली ऊब ओढतच राहते. दुहेरी काच असेल तर फिल्मवर पैसे घालवू नका. फुग्यांचं पॅकिंग प्लास्टिक पाणी मारून काचेवर चिकटवता येतं, टेप लागत नाही, पण बाहेरचं काही दिसत नाही. माळ्यावरच्या खिडकीला ठीक.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. खोलीत गॅसचा हीटर किंवा कोळशाची शेगडी असेल तर सगळ्या फटी बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि आगीत बाहेर पडायला जी एकच खिडकी आहे तिला फिल्म लावूच नका.

आता हिवाळा सरलाय, फिल्म काढतेय. पुन्हा ड्रायर, टेप कोमट करायची, चौकटीला समांतर धरून हळूहळू ओढायची. ॲल्युमिनियमवर चिकट राळ उरली, ती खाद्यतेल चोळून निघाली. लाकडी चौकटीचा रंगच टेपसोबत आला. ऐन वाऱ्यात सुटणारी ही बया, काढायला गेलं की मात्र रंगासकट उचलते! तीन तारे देतेय, तेही फिल्मसाठी. वाऱ्यात टिकणारी आणि रंग न उखडता निघणारी टेप कुणाला सुटी मिळाली असेल तर खाली जरूर लिहा. फिल्मचा पुरेसा तुकडा माझ्याकडे अजून शिल्लक आहे.