मायफर्ड एमएल-७ वापरल्यावर: लेथ झकास, चकाने मात्र जीव खाल्ला

खंडेनवमीला पूजा करून चालू केलेला हा लेथ आता पुढचा पावसाळा बघतोय, तेव्हा लिहायला हरकत नाही. एमएल-७ म्हणजे मायफर्ड या इंग्लिश कंपनीचा छोटा लेथ, धातूचा तुकडा फिरवून कातायचं यंत्र. खालच्या बेडपासून सेंटर साडेतीन इंच, दोन सेंटरांच्या मधे वीस इंच, लीडस्क्रू (आटे पाडताना हत्यार सरकवणारा) इंचाला आठ आटे, १९४६ पासूनचं मॉडेल. अर्ध्या एचपीची मोटर घरच्या सिंगल फेजवर चालते, हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा गुण. बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांची हयात हरिहरच्या किर्लोस्कर लेथवर गेली ती मंडळी याला खेळणं म्हणतात. म्हणू देत. पितळेचे बुश, छोट्या स्टीम इंजिनाचा पिस्टन, एकदा शेजारच्यांच्या पंपाची स्लीव्ह, सगळं यावर झालं आणि चांगलं झालं. व्हाइट मेटलची (लवकर वितळणाऱ्या मऊ मिश्रधातूची) बेअरिंगं असल्यामुळे आवाज असा नाहीच. रात्री दहा वाजता चालवला तरी घरात कुणी ओरडत नाही.

आता चकाकडे येतो, म्हणजे तुकडा जबड्यांत पकडून फिरवणाऱ्या भागाकडे.

लेथ घेताना सोबत पेटीत फोर-जॉ (चार जबड्यांचा) चक आणि फेसप्लेट (तुकडा बोल्टांनी आवळायची सपाट थाळी) मिळाली. त्यांचे पैसे किमतीत धरलेले होते, फुकट कुणी काही देत नाही. पण स्पिंडलवरचा, म्हणजे फिरत्या आसावरचा, थ्री-जॉ निघेल तर ती चढणार ना! लेथ खानापूरकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये किती पावसाळे उभा होता देव जाणे. तिकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना बाकी सांगायची गरज नाही. विकणारा म्हणाला, "चक काढायची गरजच काय? तीन जबड्यांत सगळं बसतंय." चौकोनी ओतीव तुकडा तीन जबड्यांत बसवून दाखव म्हणावं.

स्पिंडलचं नाक, म्हणजे चक चढतो ते आट्याचं टोक, एक इंच एक सूत, इंचाला बारा आटे, उजवा आटा. टेलस्टॉककडून (चकासमोरच्या टोकाकडून) बघताना घड्याळाच्या उलट फिरवला की सुटायला पाहिजे. पाहिजे! मोठ्या मशिनांना हल्ली कॅमलॉक असतो, तीन किंवा सहा कॅम किल्लीने फिरवले की चक हातात. इथे मात्र नुसता आटा, त्यामागे खांदा आणि त्या खांद्यावर चक घट्ट येऊन टेकलेला. दरवेळी कट घेताना तो आणखी आवळतो. त्यात गंज. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणजे आट्यातली उरलीसुरली फट तोच भरून टाकतो.

सगळ्यात आधी ऐकायला मिळतो तो सल्ला असा: बॅक गिअर (वेग कमी करणारी गिअरची जोडी) अडकवा, बुल गिअरची (स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरची) किल्लीही लावून ठेवा, स्पिंडल लॉक होतो, मग चकात दांडा धरून ओढा. हे अजिबात करू नका. सगळा जोर गिअरच्या एखाद्या दातावर येतो आणि दात तुटतो. जुने एमएल-७ बघायला गेलात तर पट्ट्यावरचं झाकण वर करून बुल गिअर पूर्ण फिरवून बघा, एखादा दात गेलेला बऱ्याचदा याच उद्योगामुळे असतो. मूळ कंपनी २०११ मध्ये बंद झाली. सुटे भाग अजून मिळतात, पण पौंडात, आणि वर पोस्टाचा खर्च.

मग मी स्प्रे आणला. नाव घेत नाही, डबा चारशेच्या वर. त्यावर गंजलेला बोल्ट आणि हसरा माणूस. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मारला. चक जागचा हलला नाही, खाली बेडवरचा जुना रंग तेवढा मऊ झाला. दुरुस्तीवाल्याकडे गेलो तर त्याने लेथच्या किमतीचा तिसरा हिस्सा सांगितला आणि म्हणाला, गॅसने तापवतो, पाच मिनिटांत निघतोय. व्हाइट मेटल साधारण २४० अंशांना वितळायला लागतं हे सांगितल्यावर म्हणतो, "मग बेअरिंग पण नवीन घालू की." मी लेथ परत टेम्पोत चढवला. चढवायला दोन माणसं लागतात, त्यांचेही पैसे द्यावे लागतात.

इथपर्यंतचं मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं आणि खाली "पाचपैकी अडीच" असं टाकलं होतं. आता पुढचं वाचा.

आमच्या गल्लीत एक निवृत्त टर्नर आहेत, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. ते एका संध्याकाळी आले, चकाकडे बघून म्हणाले, "चक आधी सोडव की. बॅकप्लेट राहू दे तिथंच." साधी गोष्ट. चकाचं अंग बॅकप्लेटला बोल्टांनी बसवलेलं असतं. ते बोल्ट काढले, जबड्यांचा सगळा गोळा बाजूला झाला आणि नुसती ओतीव थाळी स्पिंडलवर उरली. समोरून आट्याचं तोंड दिसायला लागलं. मागच्या बाजूने खांद्याच्या सांध्यात तेल घालायचं ते इंजेक्शनच्या सिरिंजने, कारण स्प्रेची नळी तिथे वाकडी जाते आणि निम्मं तेल बेडवर. तेल म्हणजे ॲसिटोन आणि गाड्यांच्या ऑटो गिअरचं तेल, निम्मं निम्मं. दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, दरवेळी बाटली हलवूनच भरायची. ॲसिटोन भसकन पेट घेतं, म्हणून ते पूर्ण उडून गेल्याशिवाय जवळ गरम काही आणायचं नाही. खोलीची खिडकीही उघडी ठेवायची.

मग तीन फुटी जाड पट्टी, तिला बॅकप्लेटच्या भोकांवर जुळतील अशी दोन भोकं. पट्टी बॅकप्लेटला बोल्टांनी घट्ट. बुल गिअर अडवायला बाभळीचा तुकडा दातांच्या आकाराला कोरून गिअर आणि हेडस्टॉकच्या (स्पिंडल धरणाऱ्या ओतीव भागाच्या) मधे ठोकला. एका दाताऐवजी पाच-सहा दातांवर भार वाटला जातो. हॉट एअर गनने फक्त बॅकप्लेट तापवली, स्पिंडलच्या आरपार भोकात ओलं फडकं आणि बर्फाचे तुकडे. दोन्हींत शंभर अंशांचा फरक पडला तर एवढ्या व्यासाला जेमतेम ०.०३ मि.मी. फट मिळते. ऐकायला काहीच नाही, पण गंज तेवढ्याने तडकतो. बेअरिंगच्या टोपीवर मी हात ठेवूनच होतो. हात ठेवता येतोय तोवर व्हाइट मेटलला धोका नाही.

मी पट्टीला लोंबकळून ओढत होतो. अण्णा म्हणाले, "जोर कशाला लावायलास? मार की एक!" खरं आहे. हळूहळू ओढलं की सगळा भार लाकडावर आणि दातांवर जातो. पट्टीच्या टोकावर हातोड्याचा फटका दिला तर स्पिंडल जागचा हलायच्या आत तो झटका आट्यात पोचतो. दोन पौंडी हातोडा, पट्टीच्या अगदी टोकाला. खांद्याच्या सांध्यातली तेलाची तपकिरी रेघ आधी तुटली, 'कट्' असा आवाज झाला आणि थाळी अंगठ्याएवढी फिरली. पुढची हाताने.

आत काय होतं? आट्याच्या तळाशी पितळेची किस, सुकलेल्या ग्रीसमध्ये रुतलेली, दातात अडकलेल्या सुपारीसारखी. दाभणाने काढावी लागली. म्हणजे कुणीतरी आटे न पुसता चक चढवला होता, वर बहुतेक मोटर चालू करून. बिचाऱ्या इंग्लिश डिझाइनवर वर जो राग काढलाय त्यातला निम्मा त्या अनामिक माणसाच्या नावावर वळवतो. उरलेला निम्मा मात्र कायम. कॅमलॉक तो कॅमलॉक, आणि आट्याच्या नाकावर मोटर उलटी फिरवून कट घेता येत नाही, चक सुटून अंगावर यायची भीती.

चक परत चढवून अचूक घासलेली सळी फिरवून डायल लावला, सळीचं डोलणं ०.०५ मि.मी. आलं. एवढ्या जुन्या थ्री-जॉला पुष्कळ झालं. आता दर महिन्याला चक उतरवतो, आटे ब्रशने साफ, पातळ तेलाचा एक हात, आणि हातानेच बसवतो. खांदा आणि बॅकप्लेटच्या मधे कागदाचा वॉशर घाला असं काही जण सांगतात. मी घालत नाही, डायल बिघडतो. फोर-जॉ चढला, फेसप्लेट चढली, पैसे वसूल.

पाचपैकी चार. एक कापला तो सांगतोच: मेट्रिक आटे पाडायचे तर दरवेळी चेंज गिअर (लीडस्क्रूचा वेग ठरवणारे सुटे गिअर) काढा-घाला, हात काळे. स्प्रेला शून्य. पट्टी भंगारातली, बोल्ट घरातले, बाभूळ सासरच्या बांधावरची, विकत आणलं ते तेल आणि ॲसिटोन. दोन्ही मिळून त्या डब्याच्या निम्म्यात आलं.

तुम्ही असा लेथ बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला एवढंच म्हणा, चक उतरवून दाखव. नाही उतरला तर फोर-जॉ आणि फेसप्लेटचे पैसे किमतीतून कापा. द्यायला तयार नसेल तर चहा पिऊन परत या.