एकटीच्या मुक्कामासाठी सोलापुरातील एक लॉज

नळदुर्ग, विजापूर, अक्कलकोट आणि तुळजापूर ही ठिकाणे एकटीने पाहायची असतील, तर सोलापुरात मुक्काम ठेवून सकाळी निघावे आणि रात्री परतावे, हीच सोय मला सर्वांत सुटसुटीत वाटते. या सगळ्या वाटा सोलापूरच्या एसटी स्थानकातून फुटतात आणि रोज नव्या गावात नव्या काउंटरवर उलटतपासणीला तोंड द्यावे लागत नाही. या हिशेबाने बसस्थानकाच्या परिसरातील ज्या जुन्या, तीन मजली लॉजमध्ये मी उतरते, त्याविषयी हे लिहीत आहे. पुढे काही तक्रारीही आहेत आणि त्या मी व्यवस्थापकांना समोरासमोर सांगितलेल्या आहेत, म्हणून लॉजचे नाव येथे देत नाही. मात्र त्याच रस्त्यावर याच धाटणीची आणखीही लॉज आहेत आणि खोली घेण्यापूर्वी काय पाहावे, हे त्यांनाही लागू पडते.

काउंटरवरील वागणूक हा या जागेचा सर्वांत मोठा गुण आहे. एकट्या स्त्रीला खोली नाकारावी असा कोणताही कायदा नाही, तरीही ‘सोबत कोण आहे’, ‘घरी सांगितले आहे का’, ‘मिस्टरांचा नंबर द्या’ असे प्रश्न बहुतेक ठिकाणी येतातच, आणि ते काळजीपोटी विचारले जात असल्याचा सूर त्यांना दिलेला असतो. येथे आधार कार्ड पाहिले, कोठून आलात, कोठे जाणार आणि कारण काय, एवढे रकाने रजिस्टरमध्ये भरून घेतले आणि किल्ली दिली. माझ्या आधी नोंद केलेल्या औषध कंपनीच्या प्रतिनिधीलाही नेमके तेवढेच विचारले होते, हे मी मुद्दाम पाहिले. कारणाच्या रकान्यात मी ‘किल्ला पाहणे’ असे लिहिले, तेव्हा व्यवस्थापक काकांनी ते वाचून फक्त इतकेच म्हटले, “नळदुर्गला जाणार असाल तर सकाळची गाडी धरा ताई, दुपारी तिथं ऊन लई लागतंय बघा.” मला हवी असते ती काळजी एवढीच.

खोली जुनी आहे, आणि ते जुनेपणच उपयोगी ठरते. दाराला आतून वर आणि खाली असे दोन बोल्ट आहेत, तर बाहेर कडी-कोयंडा असल्यामुळे स्वतःचे कुलूप लावून जाता येते. नव्या हॉटेलांतील कार्डाच्या कुलपांची दुसरी प्रत काउंटरवर असते हे ठाऊक असल्यामुळे मला तेथे कधीच निर्धास्त झोप लागत नाही. येथे माझ्या कुलपाची किल्ली माझ्याच पर्समध्ये असते. दाराच्या मागे दरपत्रक चिकटवले आहे आणि त्याखाली ११२ हा आपत्कालीन क्रमांक ठळक अक्षरांत लिहिला आहे. पलंगावर मोरांच्या नक्षीची जाडजूड सोलापुरी चादर मिळते. टॉवेल मात्र इतका विरलेला होता की, देशभर टॉवेल पाठवणाऱ्या गावात असा टॉवेल पाहुण्याच्या हाती द्यायला धाडसच हवे! न्हाणीघराच्या खिडकीतील एक काचपट्टी निखळलेली होती आणि ती खिडकी मागच्या जिन्याकडे उघडत होती. मी सांगितल्यावर तासाभरात तेथे पुठ्ठा लावला गेला, पण काच काही बसली नाही. एकटी उतरणाऱ्या स्त्रीने सामान ठेवण्यापूर्वी सर्वप्रथम न्हाणीघराची खिडकीच पाहावी.

गरम पाणी सकाळी लवकर मिळते आणि शटरही पहाटे उघडते, त्यामुळे काकांच्या सल्ल्याप्रमाणे नळदुर्गची सकाळची एसटी सहज साधता आली. हैदराबादच्या रस्त्यावर सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेला हा किल्ला बोरी नदीच्या वळणावर उभा आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, नदीवर जे धरण बांधले गेले, त्याच्या भिंतीच्या पोटातच पाणी महाल आहे. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागले की नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि महालाच्या सज्जात उभे राहून पाण्याचा पडदा आतून पाहता येतो. तो पाहायचा असेल तर गर्दी पत्करावी लागते. इतर दिवसांत मात्र किल्ल्याचा आतील विस्तार बराचसा निर्मनुष्य असतो, आणि एकटीने फिरताना गर्दीपेक्षा या मोकळेपणाचाच विचार अधिक करावा लागतो. पाणी महाल आणि उंच उपळ्या बुरूज सकाळीच पाहून घ्यावेत, बुरुजाच्या पायऱ्या वर कोणी कुटुंब असताना चढाव्यात आणि ऊन उतरण्यापूर्वी बसस्थानक गाठावे, असा क्रम मी ठेवते. मुक्काम सोलापुरात असल्यामुळे तो सहज पाळता येतो.

विजापूरचा दिवस लांबतो. अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे आणि भाड्याचा हिशेबही वेगळा आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व गाड्यांत स्त्रियांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळते, पण ती राज्याच्या हद्दीपर्यंतच लागू असते. पुढच्या टप्प्याचे भाडे पूर्ण द्यावे लागते. कर्नाटकच्या गाड्यांतील स्त्रियांचा मोफत प्रवास त्या राज्याच्या रहिवाशांपुरता आहे, तेव्हा तेथे आपले आधार कार्ड पुढे करून उपयोग नाही. गोल घुमटाच्या चारही कोपऱ्यांना सात मजली मनोरे आहेत आणि त्यांतील चक्राकार, अरुंद जिन्यांनीच घुमटाच्या आतील सज्जापर्यंत जावे लागते. बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाच्या त्या घुमटाखाली कुजबुज पलीकडच्या बाजूला ऐकू येते खरी, पण शाळांच्या सहली आल्या की कुजबुजीला वाव उरत नाही. तरीही त्या अंधाऱ्या जिन्यात मागे-पुढे एखादी शिक्षिका आणि तिची पन्नास मुले असणे मला सोयीचेच वाटते. इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर असलेली वास्तू, शांत आहे आणि माझ्या मते अधिक देखणाही.

परतायला रात्र झाली, तरी स्थानकापासून लॉजपर्यंतचा रस्ता दुकानांच्या उजेडाचा आहे आणि रिक्षाची गरज पडत नाही. लॉजमध्ये जेवण मिळत नाही. शेजारच्या खाणावळीत एकट्या बाईला न विचारताच पडद्यामागच्या ‘फॅमिली’ कप्प्यात बसवतात, ते मला रुचत नाही. मी बाहेरच्या टेबलावर बसेन असे सांगितले, तेव्हा वाढप्याने काही न बोलता ताट तेथे आणले. ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगाची चटणी आणि दही असे ते ताट होते. किल्ल्यावर नेण्यासाठी बाजारातून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्यावी; ती भाकरी बरेच दिवस टिकते आणि नळदुर्गच्या तटावर जेवणाची चिंता राहत नाही. मोकळ्या संध्याकाळी भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला जावे. तेथे फिरायला आलेल्या कुटुंबांची एवढी वर्दळ असते की एकटी बसलेल्या बाईकडे कोणी वळूनही पाहत नाही.

लॉजमध्ये उतरणारे बरेच जण अक्कलकोट आणि तुळजापूरचे भाविक असतात. त्यामुळे मजल्यावर बायका-मुलांचा वावर राहतो, पण पहाटे चारला बादल्यांचा खणखणाटही सुरू होतो. नवरात्रात आणि जानेवारीतील सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आधी फोन केल्याशिवाय जाऊ नये. माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. रात्री शटर ओढल्यावर कामगार मुले वऱ्हांड्यातच, खोल्यांच्या दारांसमोर अंथरूण टाकतात. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही आणि त्यांनी झोपावे कोठे हा प्रश्नही मालकांनीच सोडवायचा आहे. पण मध्यरात्री दार उघडावे लागले तर उंबऱ्यापाशी झोपलेला अनोळखी माणूस ओलांडून जायचे, ही व्यवस्था कोणत्याही बाईला नकोशीच वाटेल. त्यांची जागा जिन्याच्या खालच्या मोकळ्या भागात करता येईल, असे मी काकांना सुचवले आहे.

खोली मागताना पहिल्या मजल्यावरची, रस्त्याकडे खिडकी असलेली मागावी. रहदारीचा आवाज येतो, पण मागच्या जिन्याशी तिचा संबंध नाही आणि खिडकीतून खालचे काउंटर दिसते. पावती न मागता मिळते. टॉवेल आणि कुलूप स्वतःचे न्यावे.