मालवण-तारकर्लीची खोली बुक करताना पैसे कसे जातात

नाताळ, जोडून आलेली सुट्टी, मे महिना. या दिवसांत तारकर्ली-देवबागात एखादं तरी कुटुंब रात्रभर गाडी चालवून येतं, रिसॉर्टच्या दारात फोनवरची पावती दाखवतं आणि ‘असं बुकिंग आमच्याकडे नाही’ एवढंच ऐकतं. पावती खोटी, नंबर खोटा, पैसे गेलेले. गाडीत लहान मुलं, म्हातारी माणसं, आणि गावात खोल्या भरलेल्या. दारातला मालकही काही करू शकत नाही, कारण त्याचंच नाव वापरून हे झालेलं असतं. ही फसवणूक पायरीपायरीने कशी चालते ते कळलं, तर ती बहुतेक वेळा फोनवरच थांबते. म्हणून इथे सगळं तपशिलात लिहितो आहोत.

सुरुवात होते नंबर शोधण्यापासून. ‘तारकर्ली बीच रिसॉर्ट बुकिंग नंबर’ असं शोधलं की आधी जाहिराती दिसतात. जाहिरात पैसे भरून कोणालाही लावता येते. ती सगळ्यात वर आहे याचा अर्थ ती जागा खरी आहे असा होत नाही. खाली गूगल नकाशावरच्या नोंदी असतात. त्यांत ‘बदल सुचवा’ ही सोय सर्वांना खुली आहे. घरमालकाने आपली नोंद स्वतःच्या ताब्यात घेतलेली नसेल, तर तिच्यावरचा फोन नंबर बदलून घेणं भामट्याला जमतं. मग फोटो खरे, पत्ता खरा, लोकांचे अभिप्रायही खरे, फक्त फोन उचलणारा भलताच. तिसरा प्रकार म्हणजे नावाजलेल्या रिसॉर्टच्या किंवा सरकारी पर्यटक निवासाच्या नावाने काढलेलं हुबेहूब संकेतस्थळ. त्याच्या पत्त्यात एखादं अक्षर जास्त असतं किंवा ‘बुकिंग’, ‘ऑनलाइन’ असा शब्द जोडलेला असतो.

फोन केल्यावर बोलणारा माणूस नम्र असतो. तो लगेच व्हॉट्सॲपवर येतो. तिथे रिसॉर्टचा लोगो, खोल्यांचे फोटो, दरपत्रक, सगळं तयार असतं. दर अगदी कवडीमोल सांगत नाहीत, त्याने संशय येईल. आसपास पाच हजार चालू असेल तर अडतीसशे सांगतात, वर न्याहारी फुकट. आणि लगेच घाई: दोनच खोल्या उरल्यात, अर्ध्या तासात ॲडव्हान्स आला नाही तर दुसऱ्या पार्टीला देऊ. ही घाई महत्त्वाची आहे, कारण त्या अर्ध्या तासात तुम्ही दुसरीकडे चौकशी करू नये एवढंच त्यांना हवं असतं.

मग क्यूआर कोड येतो. तो स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी पैसे घेणाऱ्याचं नाव दिसतं. इथे थांबायचं. रिसॉर्टचं नाव एक आणि खातं भलत्याच माणसाच्या नावावर, असं दिसलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘आमच्या अकाउंटंटचं खातं आहे’, ‘मॅनेजरचं आहे’. आता, कोकणातल्या घरगुती निवासाचे पैसे मालकाच्या किंवा त्याच्या बायकोच्या वैयक्तिक खात्यात जाणं अगदी नेहमीचं आहे, त्यात काही वावगं नाही. पण मग ते नाव घराच्या नावाशी, पाटीशी, अभिप्रायांत लोकांनी उल्लेख केलेल्या काका-काकूंशी जुळायला हवं. आणि सरकारी पर्यटक निवास चालवणाऱ्या महामंडळाचे पैसे कधीही खाजगी माणसाच्या खात्यात जात नाहीत. तिथे अकाउंटंटचं कारण ऐकूनच घेऊ नका.

इथवर साधारण निम्मी रक्कम गेलेली असते. खरं मोठं नुकसान याच्या पुढे होतं, आणि याच टप्प्याबद्दल लोकांना सगळ्यात कमी माहिती असते.

पैसे पोचल्यावर पुन्हा फोन येतो. ‘सर, पेमेंट आलं, पण सिस्टीममध्ये कन्फर्म होत नाही. तुमचा बुकिंग कोड देतो, तो रकमेच्या जागी टाका. हे पैसे कापले जाणार नाहीत, फक्त पडताळणी होते.’ समजा कोड सांगितला 18726. तो रकमेच्या चौकटीत टाकून पिन दिला की 18,726 रुपये जातात. तो कोड नसतोच, ती रक्कमच असते. ओरड केली की माफी मागतात आणि म्हणतात, ‘चुकून झालं, आता दोन्ही रकमा एकत्र परत करतो, त्यासाठी बिल नंबर टाका.’ पुन्हा तेच. आधी गेलेले पैसे परत मिळतील या आशेने माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पिन टाकतो. चार हजारांच्या ॲडव्हान्सवर संपलं असतं ते असं पन्नास हजारांवर जातं. म्हणून एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः फोनवरून बुकिंग करणाऱ्या आईवडिलांना, सांगून ठेवा: पैसे यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच, समोरचा काहीही म्हणो. एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैसे मागण्याची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली आहे, पण या प्रकारात रक्कम तुम्हीच टाकता, त्यामुळे ते बंधन इथे उपयोगी पडत नाही.

याचीच आणखी एक शाखा आहे. व्हाउचर म्हणून व्हॉट्सॲपवर फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती पावती नसून ॲप असतं. उघडून परवानग्या दिल्या की तुमचे संदेश आणि ओटीपी दुसरीकडे वाचता येतात. किंवा ‘रिफंडसाठी मदत करतो’ म्हणून स्क्रीन शेअर करायला सांगतात. खरं व्हाउचर पीडीएफ किंवा साधा फोटो असतो, ते बघायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

खऱ्याखोट्याची पारख कशी करायची? आमच्या मते सगळ्यात चांगली कसोटी म्हणजे गावाची माहिती विचारणं. ही टोळी बहुधा दूर कुठेतरी बसलेली असते आणि तिने मालवण पाहिलेलं नसतं. ‘रेल्वे स्टेशनवरून चालत येता येईल का?’ असं साधेपणाने विचारा. मालवणला रेल्वे स्टेशनच नाही; कुडाळला उतरून साधारण तीस किलोमीटर यावं लागतं, किंवा कणकवली वा सिंधुदुर्गनगरीहून. ‘हो हो, पंधरा मिनिटं’ असं उत्तर आलं की फोन ठेवा. ‘जुलैत येतोय, स्कूबा आणि किल्ल्याची होडी मिळेल ना?’ हा दुसरा प्रश्न. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत समुद्र खवळलेला असतो, होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. घरगुती निवास चालवणारी बाई ‘पावसात समुद्रात काय मिळायचा नाय हां’ असं आपणहून सांगेल. भामटा सगळ्याला होकार देतो. देवबागला खाडी कुठल्या बाजूला आणि समुद्र कुठल्या, जवळचं एटीएम कुठे, एसटी कुठपर्यंत येते, असंही विचारता येतं.

त्यानंतर कागद. जीएसटी लावत असतील तर जीएसटी क्रमांक मागा. तो पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या व्यवसायाचा 27 ने सुरू होतो, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता तो क्रमांक शोधता येतो. तिथे नोंदलेलं नाव आणि पत्ता दिसतो. पण क्रमांक नाही म्हणून घर खोटं ठरत नाही. सेवा व्यवसायाची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, आणि देवबागची कित्येक घरं त्यात बसतात. खोटं ठरतं ते क्रमांक न देता ‘जीएसटीचे’ म्हणून वेगळे पैसे मागणारं. निवास व न्याहारी योजनेत नोंद असलेल्या घराकडे प्रमाणपत्र असतं, त्याचा फोटो मागायला संकोच करू नका.

शेवटची तपासणी दोन मिनिटांची आहे. त्याच जागेचा नंबर दुसऱ्या ठिकाणाहून मिळवा: हॉटेल बुकिंगच्या मोठ्या ॲपवरून, जुन्या अभिप्रायातल्या फोटोतल्या पाटीवरून, किंवा जाऊन आलेल्या ओळखीच्या माणसाकडून. दोन्ही नंबर वेगळे निघाले तर दुसऱ्यावर फोन करा. आणि व्हिडिओ कॉलवर पाटी, अंगण, खोली दाखवायला सांगा. खरा मालक कामात असेल तर ‘तासाभराने दाखवतो’ म्हणेल आणि दाखवेल. खोटा मालक नेटवर्कचं कारण सांगेल. तरीही शंका असेल तर नाममात्र ॲडव्हान्स द्या, बाकी पोचल्यावर. गर्दीच्या दिवसांत मालक अर्धी रक्कम मागतो, तो त्याचा हक्क आहे. पण शंभर टक्के आगाऊ मागणाऱ्या अनोळखी माणसाला नाही म्हणा.

पैसे गेलेच असतील तर त्या क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा. सहल संपल्यावर बघू, आधी हॉटेलवाल्याशी बोलून बघू, असं करू नका. गेलेले पैसे एका खात्यात थांबत नाहीत; ते थोड्याच वेळात भाड्याने घेतलेल्या तीन-चार खात्यांतून फिरवून काढून घेतात. 1930 वर तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते आणि साखळीतल्या ज्या खात्यात पैसे अजून शिल्लक असतील तिथे ते रोखून धरता येतात. फोन करताना हाताशी ठेवा: तुमची बँक आणि खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची रक्कम आणि वेळ, बारा अंकी यूटीआर म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी आणि फोन नंबर. यूटीआर यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. तक्रारीचा पोच क्रमांक लिहून घ्या, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर चॅटचे स्क्रीनशॉट जोडून तक्रार पूर्ण करा, आणि आपल्या बँकेलाही लेखी कळवा. चॅट रागाच्या भरात डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळं जतन करा. पोलीस ठाणं कुठलंही चालतं: 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद आहे. ‘फसवणूक मालवणची, तिकडे जा’ असं कोणी म्हटलं तर कलम 173 चा उल्लेख करा.

बँक पैसे भरून देईल अशी आशा मात्र धरू नका. तुम्ही स्वतः पिन टाकून केलेला व्यवहार बँक ‘अनधिकृत’ मानत नाही. रोखलेली रक्कम हीच परत मिळण्याजोगी, म्हणून पहिला तास मोलाचा. काही दिवसांनी ‘तुमचे पैसे सोडवून देतो, फी भरा’ असा फोन आला तर तो त्याच जातीचा.

घरमालकांनाही एक विनंती. नकाशावरची आपली नोंद आजच स्वतःच्या ताब्यात घ्या, महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या फोनवरून तिच्यावरचा नंबर तपासा, आणि घराच्या पाटीवर नंबर मोठ्या अक्षरांत रंगवा. पाटीचा फोटो काढणारा प्रत्येक पाहुणा मग खऱ्या नंबरचा पुरावा ठेवून जातो.

जेटीवरचे प्रकार रकमेने लहान आहेत. ‘किल्ला दर्शन’ म्हणजे सिंधुदुर्गावर उतरवणार की बाहेरून चक्कर मारणार, हे पैसे देण्याआधी विचारा. 1664 साली बांधायला घेतलेला, अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला होडीतून लांबून बघण्यासाठी कोणी मालवणला येत नाही. किल्ल्यावर जायचं तर जेटीवरच्या खिडकीवरच तिकीट घ्या आणि ते परतीपर्यंत सांभाळा. देवबागजवळचं त्सुनामी बेट ओहोटीला उघडं असतं आणि भरतीला पाण्याखाली जातं, तेव्हा भरतीची वेळ बघूनच पॅकेज घ्या. डॉल्फिनची ‘गॅरंटी’ कोणालाच देता येत नाही.

स्कूबाचं मात्र नीट विचारा. स्वस्त पॅकेजमध्ये बहुतेकदा पाठीवर सिलिंडर नसतो. होडीतल्या सिलिंडरची लांब नळी तोंडात देतात आणि प्रशिक्षक धरून काही मिनिटं उथळ पाण्यात ठेवतो. नवख्याला तेही चालेल, पण तसं सांगून घ्यायला हवं. पाण्यात प्रत्यक्ष किती मिनिटं, व्हिडिओ दरात आहे की वेगळा, तो तुमचाच असणार ना, प्रशिक्षकाकडे कुठलं प्रमाणपत्र आहे, हे जेटीवरच ठरवून घ्या. दमा, सायनस, कानाचा त्रास याबद्दल कोणी विचारलंच नाही तर तिथून निघा. 24 मे 2022 रोजी स्कूबा करून परतणारी होडी तारकर्लीजवळ उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. लाइफ जॅकेट होडीच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवली असतील तर नाखव्याला थांबवा, प्रत्येकाच्या अंगावर पट्टे आवळून होईपर्यंत जेटी सोडू देऊ नका, आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढवली तर पैसे सोडून उतरा.